वीस महिन्यांची ओळख

पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं. हे वाक्य मी सहा वर्षांत इतक्या लोकांना ऐकवलं, की पुढे पुढे घरच्या बारशा-मुंजींच्या फोटोंतही मी ओठ मिटून आणि कान दाखवून उभी राहायला लागले. माझी मुलगी नेहा म्हणायची, "आई, यू लुक लाइक यू नीड अ व्हिसा."

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी दुकानातल्या गमती लिहा, असा संपादकांचा प्रेमळ हुकूम झाला म्हणून हे लिहायला घेतलं आहे. गमती आहेत, सांगतेही. पण त्या सांगता सांगता मी एका माणसापाशी येऊन अडकणार, हे मला पहिल्या ओळीलाच माहीत आहे.

दुकान शॉमबर्गमध्ये होतं. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला पिझ्झावाला, मध्ये आम्ही. मालक भरतभाई, मूळचे नडियादचे. आमच्याकडे झेरॉक्स, फॅक्स, कुरिअर, भिंतभर भाड्याच्या टपालपेट्या आणि कोपऱ्यात पांढरा पडदा लावून पासपोर्टचे फोटो. ज्यांना घरचा पत्ता द्यायचा नसतो किंवा ज्यांचं घर सारखं बदलतं, ते अशी पेटी भाड्याने घेतात. त्यांचं टपाल आमच्याकडे येतं, मी ते पेटीत टाकते, ते किल्लीने उघडून नेतात. त्यामुळे कोणाचं काय चाललंय याचा अंदाज मला पाकिटांवरूनच यायचा. चौदा ऑक्टोबर दोन हजार दोनला, सोमवारी, मी तिथे उभी राहिले. मंदीत ह्यांची नोकरी गेली होती, ग्रीन कार्ड नुकतंच हातात आलं होतं, आणि घरात दोघांनी एकमेकांकडे बघत बसण्यापेक्षा एकाने बाहेर पडलेलं बरं होतं.

फोटो हे काम वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक देशाचं माप वेगळं. कोणाला डोकं मोठं हवं, कोणाला खांदे दिसायला हवेत, कोणाला डोक्याला रुमाल चालत नाही. सगळी मापं मी एका वहीत लिहून ठेवली होती आणि पोलादी पट्टी लावून हाताने कापायचे. तान्ह्या बाळांचा फोटो ही तर परीक्षाच. बाळाचे डोळे उघडे हवेत, आणि आईचा हात दिसता कामा नये. मी कारमधल्या बाळाच्या सीटवर पांढरी चादर टाकायचे, बाळाला त्यात ठेवायचे आणि टाळ्या वाजवत शिडीवर चढायचे. एका नागपूरच्या आजोबांनी हे बघून मला विचारलं होतं, "बाई, हे पासपोर्टसाठी आहे की देवासाठी?"

दुसरं काम नोटरीचं. आपल्याकडे नोटरी म्हणजे वकील, काळा कोट, लाल शिक्का. इथे तसं नाही. अर्ज करा, शपथ घ्या, शिक्का करून घ्या, झालात नोटरी. भरतभाईंना त्या भानगडीत स्वतः पडायचं नव्हतं, म्हणून त्यांनी मला करून टाकलं. कागदावर काय लिहिलंय, ते खरं की खोटं, याच्याशी नोटरीला देणंघेणं नसतं. समोर सही करणारा माणूस हा तोच आहे ना, एवढंच बघायचं आणि शिक्का मारायचा. पण तेवढं मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं.

आणि मी बघायचे. आपली मुलं यायची, कंपन्यांमधली, पुण्या-मुंबईची, गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली. "काकू, बायको इंडियाला गेलीये यार, तिची सही मी करून टाकतो, तुम्ही फक्त स्टॅम्प मारा ना."

"तिला परत येऊ दे," मी म्हणायचे.

"काकू, ती फेब्रुवारीत येणार. डेडलाइन मिस होईल."

"मग फेब्रुवारीत ये. तोवर चहा घेऊन जा."

चिडून जायचा बिचारा, आणि फेब्रुवारीत बायकोला घेऊन यायचा. मंडळात माझं नाव 'हेडमास्तरीण' पडलं होतं. मला ते आवडायचं. कारण माझे वडील खरोखरच हेडमास्तर होते, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी.

वर्तणुकीचा दाखला ही चीज आपल्या पिढीला सांगायला नको. 'अमुक अमुक यांना मी गेल्या तीन वर्षांपासून व्यक्तिशः ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे.' खाली अशा माणसाची सही, ज्याने आपल्याला त्या क्षणापर्यंत कधी पाहिलेलं नसतं. सगळा महाराष्ट्र त्या एका वाक्यावर नोकरीला लागला. फक्त माझ्या वडिलांना ते जमायचं नाही. इंदू नावाची एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशासाठी दाखला मागायला आली होती. तिच्या घरचे गावात नवीन आलेले. वडिलांनी लिहिलं, 'मी हिला अकरा महिन्यांपासून ओळखतो.' नियमात तीन वर्षं होती. तिच्या आईने ओसरीवर बसून विनवण्या केल्या. वडील म्हणाले, "सही म्हणजे माणसाचा शब्द असतो, बाई." ही गोष्ट आमच्या घरात मोठ्या अभिमानाने सांगितली जायची. मीही नेहाला सांगितली होती. इंदूचं पुढे काय झालं, हे मात्र आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नाही.

आता विन्स्टन.

माझ्या पहिल्या दिवशी सकाळी दुकान उघडून दहा मिनिटं झाली असतील, झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला. मी हे बटण दाब, ते झाकण उघड असं करत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "मिस, तुमची परवानगी असेल तर." उंच, काळासावळा, पन्नाशीचा माणूस. अंगावर शाळेच्या बसच्या ड्रायव्हरचं जाकीट. त्यांनी मशीनचं पोट उघडलं, दोन बोटांनी कागद अलगद ओढून काढला, चुरगळलेला सरळ केला आणि मला दिला. "आज पहिला दिवस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग मी तुमचा पहिला ग्राहक. नाव काय तुमचं?"

"शोभा."

"मिस शोभा," ते म्हणाले, आणि पुढे सहा वर्षं मी मिस शोभाच राहिले. ते मूळचे एका बेटावरचे, आणि तिथे मानाच्या बाईला असंच म्हणतात, मग तिचं लग्न झालेलं असो, नातवंडं असोत. बेटाचं नाव लिहीत नाही. क्रिकेटमुळे आपल्याला त्या बाजूची मोठी बेटं माहीत असतात, हे लहान. नकाशात शोधायला मला चष्मा लावावा लागला होता.

विन्स्टनची पेटी होती बत्तीस नंबरची. मी आले तेव्हा सहा वर्षांपासून. सकाळची मुलं शाळेत सोडून ते यायचे आणि दर तीन-चार महिन्यांनी एक यादी झेरॉक्स करून फॅक्स करायचे. ती यादी बॅरलची. त्यांच्याकडची माणसं घरात एक मोठं पिंप आणून ठेवतात, कमरेएवढं. मिळेल ते त्यात भरत जातात, तांदूळ, साबण, कपडे, औषधं, आणि भरलं की बोटीने गावाकडे पाठवतात. आत काय आहे त्याची यादी बोटीच्या एजंटला द्यावी लागते. विन्स्टनचं पिंप त्यांच्या आईसाठी जायचं. बेटावर आई आणि बहीण मर्ल, दोघीच राहायच्या.

मी काही मुद्दाम वाचत नव्हते. पण झेरॉक्स करताना कागद डोळ्यांसमोरूनच जातो. पहिल्या यादीत चर्चला घालायची जांभळी टोपी होती, आणि बंदाचे बूट. पुढच्या खेपेला बूट होते ते बंद नसलेले. त्याच्या पुढच्या खेपेला मोठ्या आकड्यांचं घड्याळ. मग दारांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या. मग एकदा प्लास्टिकची चादर आणि मोठ्या माणसांचे डायपर. त्या दिवशी मी यादी परत देताना म्हटलं, "आंघोळीसाठी एक बुटकं स्टूल घ्या, रबरी पायांचं. माझ्या सासऱ्यांना तेच लागायचं."

विन्स्टननी यादीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला कळलं तर," ते म्हणाले. आणि पेन काढून यादीत खाली स्टूल लिहिलं.

तेव्हापासून ते आईबद्दल बोलायला लागले. विस्मरण वाढत चाललं होतं. गल्लीतली माणसं ओळखू येईनाशी झाली, मग चर्चचे पाळक, मग शेजारीण. मर्लला ती कधी कधी स्वतःची बहीण समजायची. "पण मला अजून ओळखते," विन्स्टन सांगायचे. "रविवारी फोनवर हॅलो म्हटलं की म्हणते, विन्स्टन, तू जेवलास का." ते बेट सोडून बावीस वर्षं झाली होती. शेवटचे जाऊन आले त्याला नऊ. आधी नोकरी लागत नव्हती, मग लागली ती सुटत नव्हती, अशीच कहाणी. आपल्याला ती काही नवीन नाही.

दोन हजार चारच्या जूनमध्ये, शाळा सुटल्या त्या आठवड्यात, ते एक अर्ज घेऊन आले. पासपोर्ट संपला होता आणि नवा करायचा होता. सुट्टीचे दहा आठवडे हातात होते. बसचं काम ऑगस्टच्या शेवटी सुरू होणार होतं. "मर्ल म्हणते, आता ये," त्यांनी सांगितलं. "म्हणते, आईकडे तुझं नाव अजून आहे, किती दिवस राहील सांगता येत नाही."

मी त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्यांच्या देशाचं माप वहीत बघितलं. हनुवटी वर, कान मोकळे, हसायचं नाही. "आईला मी हसरा आठवतो," ते म्हणाले. "पासपोर्टला नाही," मी म्हटलं. चार फोटो कापून दिले. दोन अर्जाला, दोन जादा.

मग त्यांनी अर्ज माझ्यासमोर उलटा केला. मागच्या पानावर शिफारस करणाऱ्याची जागा होती. पाळक, डॉक्टर, वकील, मुख्याध्यापक, नोटरी, यांपैकी कोणीतरी लिहून द्यायचं, की अर्जदाराला मी निदान दोन वर्षं व्यक्तिशः ओळखतो. आणि फोटोच्या मागे लिहायचं, हा याचाच खरा फोटो आहे. पासपोर्टऐवजी तातडीच्या कागदावर प्रवास करायचा म्हटला तरी हीच सही लागणार होती.

"तुम्ही नोटरी आहात, मिस शोभा," विन्स्टन म्हणाले. "आणि तुम्ही मला ओळखता."

मी पेन हातात घेतलं होतं. टोपण काढलेलं होतं, हे मला अजून आठवतं. मग मी 'दोन वर्षं' हे शब्द पुन्हा वाचले.

"मी चौदा ऑक्टोबरपासून ओळखते तुम्हाला," मी म्हटलं. "वीस महिने झालेत. चोवीस नाहीत."

त्यांना आधी वाटलं, मी गंमत करतेय.

"हे नोटरीचं काम असतं तर मी डोळे झाकून केलं असतं," मी समजावायला लागले. "तिथे शब्द तुमचे असतात, मी फक्त शिक्का मारते. पण हे वाक्य माझं आहे. माझ्या सहीने, माझ्या नावाने. ते खोटं कसं लिहू? ऑक्टोबरमध्ये या, एका मिनिटात देते."

"ऑक्टोबरमध्ये मी बस चालवत असेन," ते म्हणाले. कागद गोळा केले, नीट कडेला कड लावून, आणि टोपी घालून गेले.

मागच्या टेबलाशी भरतभाई बसले होते. ते उठून आले. "शोभाबेन, आठ वर्षं मी ओळखतो त्याला. मी नोटरी असतो तर दिली असती सही. करून टाकायची होती ने."

"मग व्हायचं होतं नोटरी," मी म्हटलं.

घरी जेवताना मी हे सांगितलं. ह्यांनी मान डोलावली. नेहा तेव्हा सोळा वर्षांची होती. ती काटा खाली ठेवून म्हणाली, "वेट. इट्स फोर मन्थ्स, आई. सीरियसली?"

"प्रश्न महिन्यांचा नाही. तत्त्वाचा आहे. तुझे आजोबा..."

"आय नो, आय नो. इंदू." ती उठून गेली. मला राग आला. आमच्या मुलांना इथे वाढून सत्याची चाड उरली नाही, असं काहीसं मी ह्यांना म्हणाले, हेही लिहून ठेवते.

पुढचे पाच आठवडे विन्स्टन सही शोधत होते. ते माझ्याशी बोलायचे थांबले नाहीत. उलट पेटी उघडायला आले की कुठवर आलं ते सांगायचे, आणि ते मला जास्त जड जायचं. चर्चचा पाळक येऊन आठ महिने झाले होते, त्यानेही नाही म्हटलं. डॉक्टर म्हणावा तर दवाखान्यात दर खेपेला नवा. शाळांचे मुख्याध्यापक त्यांना बसच्या नंबरावरून ओळखायचे. मग त्यांना ब्रुकलिनचा एक म्हातारा पाळक आठवला, अमेरिकेत पहिल्यांदा उतरल्यावर ज्याच्याकडे ते राहिले होते. त्याला अर्ज टपालाने पाठवला. मी रोज बत्तीस नंबरच्या पेटीत हात घालायच्या आधीच टपाल चाळून बघायचे. अडीच आठवड्यांनी पाकीट न उघडता परत आलं, पाळक तिथे राहत नव्हते.

ते पाकीट मीच त्यांच्या हातात दिलं. त्याच दिवशी भरतभाई दुकान माझ्यावर टाकून विन्स्टनना गाडीत घालून कुठल्याशा वकिलाकडे घेऊन गेले. अर्ध्या तासात परत आले. वकिलाने मान वर न करता सही केली होती. त्याने विन्स्टनचं तोंडही पुरतं बघितलं नव्हतं, आणि फोटोमागे लिहिलं होतं, हा यांचाच खरा फोटो आहे. मी अर्ज तपासून पाकिटात भरला. सगळं नियमात बसत होतं.

एवढं झालं तेव्हा जुलैचे तीन आठवडे गेले होते. नवा पासपोर्ट ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पाकीट जाड होतं, हाताला लागताच मला कळलं. मी फोन केला, ते धावत आले, काउंटरवरच फोडलं. आत नवा पासपोर्ट आणि कोपरा कापून रद्द केलेला जुना. जुन्यातल्या फोटोत विन्स्टन दहा वर्षांनी तरुण होते, केस काळेभोर, मिशी. दोन दिवसांनी ते गेले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी ते दुकानात आले. मी विचारायच्या आधी त्यांनी स्वतःच सांगितलं, काउंटरवर दोन्ही हात ठेवून. ते सांगितलं तसंच लिहिते.

"आई जिवंत आहे. तब्येत बरी आहे, खाते. मी दारात उभा राहिलो तर मर्लला म्हणाली, पाहुण्यांना खुर्ची दे. मी म्हटलं, आई, मी विन्स्टन. ती म्हणाली, माझ्या मुलाचं नाव विन्स्टन आहे. मी खाली बसलो, तिचे हात हातात घेतले. तिने हळूच सोडवून घेतले. सभ्य बाई आहे ती, मिस शोभा. परक्या पुरुषाने हात धरलेले तिला कसे चालतील? मग मी पासपोर्ट काढून दाखवला. नवा बघून तिने मान हलवली. जुना हातात घेतला आणि तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, हा बघ, हा माझा मुलगा. मग मलाच विचारलं, हा कधी येणार आहे?"

दुकानात झेरॉक्स मशीन चालू होतं. कोणाच्या तरी कागदांच्या प्रती पडत होत्या.

"तुम्हाला विसरून किती दिवस झाले होते?" मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं.

"मर्ल म्हणते, जुलैच्या मध्यापर्यंत माझं नाव घेत होती. मी फोन केला की आवाज ओळखत होती. मग एका रविवारी ओळखला नाही." ते म्हणाले. "दोन आठवडे मी तिथे पाहुणा म्हणून राहिलो. रोज सकाळी मला चहा घेणार का विचारायची. जुना पासपोर्ट तिच्याकडेच ठेवून आलो. उशीखाली ठेवते."

मी म्हटलं, "मिस्टर विन्स्टन, माझं चुकलं."

"तुम्ही खोटं बोलला नाहीत," ते म्हणाले. त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून म्हटलं असणार. मी आत जाऊन कुरिअरच्या खोक्यांमागे उभी राहून रडले. वडील गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते.

नंतर मी पुष्कळ विचार केला. वीस महिने, हा हिशेब मला पक्का ठाऊक होता, कारण त्या माणसाला पहिल्यांदा कधी पाहिलं तो दिवस, ती वेळ, तो अडकलेला कागद मला आठवत होता. त्यांच्या आईच्या बुटांचे बंद कधी गेले ते मला माहीत होतं. वीसवीस वर्षं ओळखीच्या माणसांबद्दल मला एवढं माहीत नाही. आणि जी ओळख मी इतकी नेमकी मोजू शकत होते, तिच्याच जोरावर मी म्हटलं, की ओळख पुरेशी नाही. वडिलांनी निदान इंदूला अकरा महिने लिहून तरी दिलं होतं. मी तेवढंही केलं नाही. वीस महिने असं लिहून सही करता आली असती, पुढचं त्यांच्या कचेरीने ठरवलं असतं. हे मला सुचलं ते सप्टेंबरमध्ये, भाजी निवडताना.

नेहाला मी सांगितलं, तेव्हा ती 'आय टोल्ड यू' म्हणाली नाही. माझ्याशेजारी बसून भाजी निवडायला लागली.

चौदा ऑक्टोबर दोन हजार चार, गुरुवार. विन्स्टन सकाळी यादी घेऊन आले. मी आधी यादी झेरॉक्स केली. यादीत या खेपेला बूट नव्हतेच, नुसते मोजे होते. फॅक्स करून झाल्यावर मी ड्रॉवरमधून एक फोटो काढला. जूनमध्ये काढलेल्या चारपैकी उरलेले दोन ते काउंटरवरच विसरून गेले होते, मी जपून ठेवले होते. त्यातल्या एकाच्या मागे मी त्यांच्यासमोर बारीक अक्षरात लिहिलं, 'विन्स्टन यांना मी दोन वर्षं व्यक्तिशः ओळखते. हा त्यांचाच खरा फोटो आहे.' खाली सही, तारीख, शिक्का. असा शिक्का उगीच कशावरही मारायचा नसतो. माझ्या सहा वर्षांतला तो एकच बेकायदा शिक्का.

त्यांनी फोटो घेतला, चष्मा लावून मागचं वाचलं.

"तारीख चुकली, मिस शोभा," ते म्हणाले.

"नाही हो, आज चौदाच आहे."

"जूनची हवी होती."

ते रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नेहमीच्या आवाजात म्हटलं, मशीनमधून कागद काढताना बोलले होते त्या आवाजात. मग फोटो यादीला टाचणीने लावला. "बॅरलमध्ये टाकतो," म्हणाले. "आईला दुसरा फोटो असू दे."

दोन हजार आठमध्ये भरतभाईंनी दुकान विकलं. माझा शिक्का मी स्वतः कात्रीने कापला, नियमच आहे तसा. विन्स्टन बत्तीस नंबरची किल्ली परत करायला आले होते. त्यांची आई तेव्हा हयात होती, पण त्यांना ओळखत नव्हती. जाता जाता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मर्लने त्यांना चार वर्षांपूर्वीच सांगितली होती आणि त्यांनी इतके दिवस मला सांगायचं टाळलं होतं.

पिंप पोचलं तेव्हा आईने नवा फोटो बघून बाजूला ठेवला. हा कोणी पाहुणा आहे, म्हणाली. पण माणसं विसरली तरी तिचं वाचणं शाबूत होतं. फोटो उलटा झाला आणि मागे मुलाचं नाव दिसलं, तसं तिने ते मोठ्याने वाचलं, शेवटच्या शिक्क्यापर्यंत. जुन्या पासपोर्टबरोबर तोही उशीखाली गेला. तेव्हापासून संध्याकाळी कधी कधी ती तो काढते, उलटा धरते आणि माझ्या सहीवर बोट ठेवते.

"ही बाई माझ्या विन्स्टनला ओळखते," ती मर्लला सांगते. "हिला विचार, तो कधी येणार."